नदीत सोडलेले मूल : आदिबंध आणि त्याचा भंग

१

पेटीत किंवा टोपलीत घालून नदीच्या स्वाधीन केलेले मूल हा जगातील पुराणकथांमध्ये पुन्हापुन्हा आढळणारा कल्पनाबंध आहे. अक्कडचा राजा सर्गोन, इस्राएल लोकांचा नेता मोशे, रोमचे संस्थापक रोम्युलस व रेमस आणि महाभारतातील कर्ण ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. स्टिथ टॉम्सन यांनी १९३२ ते १९३६ या काळात सिद्ध केलेल्या आणि पुढे १९५५ ते १९५८ मध्ये सुधारून वाढविलेल्या लोककथांच्या सूचीत या कल्पनाबंधाला स्वतंत्र क्रमांक मिळालेला आहे. ज्यांचा परस्परांशी संबंध आला असेलच असे सांगता येत नाही, अशा समाजांच्या कथांत इतके साम्य आढळावे याचे अभ्यासकांना शतकाहून अधिक काळ नवल वाटत आले आहे, आणि त्या नवलातूनच आदिबंधाच्या कल्पनेला बळ मिळाले आहे.

परंतु साम्य नोंदविणे हे काम आता फारसे अवघड राहिलेले नाही. सूची तयार आहेत, तक्ते तयार आहेत, आणि नवे उदाहरण हाती आले की त्याला तक्त्यात कोठे बसवावे हेही ठरून गेलेले आहे. या सोयीतूनच एक अडचण निर्माण होते. कर्ण हा 'परित्यक्त वीरा'च्या आदिबंधाचा आविष्कार आहे असे एकदा म्हटले, की कर्णाविषयी काही महत्त्वाचे सांगून झाले असा समज होतो. वस्तुतः त्या विधानाने कर्णाविषयी एवढेच कळते की तो सर्गोनसारखा आहे. तो सर्गोनसारखा का नाही, हा प्रश्न मग विचारलाच जात नाही. आणि महाभारतकाराने कर्णकथेत जे घडविले आहे ते बहुतांशी त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरातच सामावलेले आहे.

आदिबंधाच्या साहाय्याने केलेली समीक्षा कथेच्या आकलनात नेमकी कोणती भर घालते आणि कोणत्या टप्प्यावर ती त्या आकलनाच्या आड येते, हे या एका कल्पनाबंधाच्या आधारे तपासून पाहता येते. त्यासाठी प्रथम मूळ कथांकडे वळले पाहिजे.

२

सर्गोनची जन्मकथा त्याच्याच तोंडी घातलेली आहे. त्याची माता उच्च श्रेणीची पुजारीण असून पित्याचा त्याला पत्ता नाही. युफ्रेटिसच्या काठच्या अझुपिरानु नावाच्या नगरात मातेने त्याला गुप्तपणे जन्म दिला, वेताच्या टोपलीत ठेवून तिचे झाकण डांबराने बंद केले आणि ती नदीत सोडली. अक्की नावाच्या पाणक्याने पाणी काढताना त्याला उचलले, पुत्राप्रमाणे वाढविले आणि बागेच्या कामाला लावले. पुढे इश्तार देवीची त्याच्यावर प्रीती जडली आणि तो राजा झाला. सर्गोनचा राज्यकाल सामान्यतः इ.स.पू. २३३४ ते २२७९ असा मानला जातो. परंतु या कथेच्या उपलब्ध प्रती इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या आहेत. सर्गोन हे त्याच्या नावाचे आजचे रूप. मूळ अक्कडी नावाचा आशय 'राजा खरा आहे' किंवा 'राजा वैध आहे' असा होतो. ज्याची वैधता निर्विवाद आहे त्याला ती नावातून घोषित करण्याची गरज सहसा पडत नाही. इ.स.पू. ७२१ ते ७०५ या काळात अ‍ॅसिरियात राज्य करणाऱ्या दुसऱ्या सर्गोनने तेच नाव धारण केले होते आणि त्याच्या सिंहासनारोहणाविषयीही अभ्यासकांना शंका आहेत. कथेची रचना त्याच्याच काळात झाली असावी, असे मत त्यामुळे मांडले गेले आहे. ते ग्राह्य धरले किंवा न धरले, तरी कथेचे कार्य स्पष्ट आहे. ज्याच्या पित्याचा पत्ता नाही अशा पुरुषाला ती नदीच्या आणि देवीच्या साक्षीने राजपद मिळवून देते.

मोशेची कथा बायबलमधील निर्गम या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात येते. इस्राएल लोकांचे नवजात पुत्र नदीत टाकावेत अशी फेरोची आज्ञा आहे. माता तीन महिने मुलाला लपवून ठेवते आणि मग लव्हाळ्याच्या पेटीला डांबर व राळ लावून ती नदीकाठच्या लव्हाळ्यांत ठेवते. फेरोची कन्या ते मूल उचलते. दुरून पाहत उभी असलेली बहीण पुढे येऊन दाई आणून देण्याची तयारी दाखविते, आणि अशा रीतीने सख्ख्या मातेलाच वेतन देऊन आपल्या मुलाला दूध पाजण्यासाठी नेमले जाते. या पेटीसाठी योजलेला हिब्रू शब्द संपूर्ण बायबलमध्ये आणखी एकाच वस्तूसाठी आलेला आहे. ती वस्तू म्हणजे नोहाचे तारू. एका शब्दाच्या योजनेने निवेदक एका अर्भकाच्या बचावाला संपूर्ण मानवजातीच्या बचावाशी जोडून टाकतो.

रोम्युलस आणि रेमस यांची माता रिया सिल्व्हिया ही व्रतस्थ कुमारिका. लिव्हीच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात ती या जुळ्यांचे पितृत्व मार्स या देवाकडे देते. राज्य बळकावलेला अमुलियस मुलांना टायबरमध्ये टाकण्याची आज्ञा देतो. पूर ओसरतो, टोपली कोरड्या जागी राहते, लांडगीण त्यांना दूध पाजते आणि फॉस्टुलस हा पशुपालक त्यांना आपल्या पत्नीकडे नेतो. मोठेपणी ते अमुलियसचा वध करून आजोबा न्युमिटर यांना त्यांचे राज्य परत देतात.

हिरोडोटसने आपल्या पहिल्या ग्रंथात सांगितलेल्या सायरसच्या कथेत नदी नाही. परंतु बाकीचा सांगाडा तोच आहे. स्वप्नाने भयभीत झालेला आजोबा अस्टियाजिस, वधाची आज्ञा, ती आज्ञा न पाळणारा गुराखी मिथ्राडाटीस, आपल्या मृत अर्भकाच्या जागी या मुलाला ठेवून घेणारी त्याची पत्नी, आणि दहाव्या वर्षी मुलांच्या खेळात राजा होऊन न्याय करीत असताना पटलेली ओळख, असा तिचा क्रम आहे.

३

या कथांतील साम्याची उपपत्ती तीन दिशांनी लावण्याचे प्रयत्न झाले. पहिली दिशा संक्रमणाची. कथा एका ठिकाणी जन्मली आणि व्यापाराच्या व स्वाऱ्यांच्या वाटांनी इतरत्र गेली, असे ती मानते. पश्चिम आशियातील कथांपुरते हे संभवनीय आहे. पण कथा आली असे सिद्ध झाले तरी ती स्वीकारली का गेली हे शिल्लकच राहते. समाजाच्या कानावर येणाऱ्या कथा अनेक असतात; टिकतात त्यांतल्या थोड्या.

दुसरी दिशा सामाजिक प्रथेची. नको असलेले किंवा पोसता न येणारे मूल उघड्यावर ठेवण्याची चाल प्राचीन ग्रीक व रोमन समाजात खरोखरच होती. जॉन बॉसवेल यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात युरोपातील या चालीचा विस्तृत इतिहास सांगितला आहे. तो वाचल्यावर या कथा केवळ स्वप्नसृष्टीतल्या आहेत असे म्हणणे कठीण होते. ज्या आईने मूल सोडले तिला ते कोठेतरी राजा होऊन जगत आहे असे मानण्याची गरज भासत असेल, हे सहज समजण्यासारखे आहे.

तिसरी दिशा मनोविश्लेषणाची असून साहित्यसमीक्षेवर तिचाच प्रभाव अधिक पडला. ऑटो रांक यांनी १९०९ मध्ये वीराच्या जन्मकथेवर लिहिलेल्या पुस्तकात सर्गोनपासून आरंभ करून मोशे, कर्ण, ईडिपस, पर्सियस, सायरस, रोम्युलस इत्यादींच्या कथा एका आराखड्यात बसविल्या. थोर कुळातील मातापिता, जन्माआधीची अडचण, पाण्यात किंवा रानात त्याग, हीन स्थितीतील माणसांनी अथवा पशूंनी केलेले पालन, मोठेपणी खऱ्या मातापित्यांचा शोध, पित्यावर सूड आणि अखेर मान्यता व वैभव, असे त्या आराखड्याचे टप्पे आहेत. फ्रॉइड यांनी याच पुस्तकासाठी लिहिलेल्या टिपणानुसार, आपले आईबाप खरे नसून आपण कोणा थोरांचे अपत्य आहोत, ही बालमनातील कल्पना या कथांच्या मुळाशी असते. लॉर्ड रॅग्लन यांनी १९३६ मध्ये वीरचरित्राचे २२ घटक ठरवून निरनिराळ्या वीरांना गुण दिले, तर जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ मध्ये प्रस्थान, दीक्षा आणि प्रत्यागमन या तीन अवस्थांत सर्व वीरकथांचा समावेश केला.

कार्ल यूंग यांची भूमिका याहून निराळी आहे. १९४१ मध्ये केरेन्यी यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातील बाल-आदिबंधावरील निबंधात त्यांनी परित्यागाला स्वतंत्र अर्थ दिला. नव्याने उमलणाऱ्या जाणिवेला आपल्या मुळापासून अलग व्हावेच लागते; म्हणून परित्याग ही बालकाच्या स्वतंत्र होण्याची अट आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आदिबंध हा स्वतः आशयरहित असतो, याचीही त्यांनी वारंवार आठवण करून दिली आणि त्याची तुलना स्फटिकाच्या अक्षव्यवस्थेशी केली. अक्ष स्फटिकाच्या घडणीला दिशा देतात. प्रत्यक्ष स्फटिक कसा होईल हे एकटे अक्ष ठरवीत नाहीत. यूंग यांच्या नावाने पुढे चाललेल्या समीक्षेत या भेदाचा विसर अनेकदा पडलेला दिसतो.

या सर्व आराखड्यांची पद्धत एकच आहे. कथांमधील समान अंश वेगळा काढायचा आणि उरलेला अंश स्थानिक तपशील म्हणून बाजूला ठेवायचा. फ्रॉइड यांना मात्र या पद्धतीतील एक अपवाद जाणवला होता. मोशेवरील १९३९ च्या ग्रंथात त्यांनी दाखविले की इतर वीर थोर कुळात जन्मून हीन घरी वाढतात, तर मोशे दासांच्या घरी जन्मून राजवाड्यात वाढतो. या विपर्यासाचा उलगडा त्यांनी मोशे हा मूळचा इजिप्शियन असावा असे मानून केला. कथेने आराखडा मोडला तेव्हा त्यांनी कथेच्या मागे दुसरी, आराखड्यात बसणारी कथा शोधली. कथेला आराखडा मोडायचाच होता, ही शक्यता त्यांनी विचारात घेतली नाही. दास्यातून मुक्त होणाऱ्या लोकांच्या नेत्याला आपले खरे कुळ राजवाड्यात सापडावे, हे त्या लोकांच्या निवेदकाला कसे रुचेल? त्याच्या दृष्टीने राजवाडा हाच परका प्रदेश आहे. आराखड्याचा विपर्यास हाच तेथे कथेचा अभिप्राय आहे.

४

बाजूला ठेवलेल्या स्थानिक तपशिलात नावांचा विचार प्रथम केला पाहिजे. कारण आदिबंध विशिष्ट भाषेच्या भूमीत कसा रुजतो हे नावांवरून कळते. सायरसच्या पालक मातेचे नाव स्पाको होते आणि मीडियन भाषेत त्याचा अर्थ कुत्री असा होतो, असे हिरोडोटस सांगतो. सायरस घरी परतल्यावर सारखे तिचेच नाव घेई. तेव्हा त्याच्या मातापित्यांनी त्या नावाचा आधार घेऊन, त्याला कुत्रीने दूध पाजले अशी वार्ता पसरविली, म्हणजे त्याचे वाचणे दैवी वाटावे. लिव्हीनेही तसाच एक प्रवाद नोंदविला आहे. फॉस्टुलसची पत्नी लारेन्शिया हिला पशुपालक 'लुपा' म्हणत. लॅटिनमध्ये त्या शब्दाचे लांडगीण व वेश्या असे दोन्ही अर्थ होतात, आणि लांडगिणीची कथा त्यातूनच निघाली असे काहींचे मत होते. मोशेच्या नावाची 'पाण्यातून काढलेला' ही व्युत्पत्ती बायबलकाराने हिब्रू क्रियापदावरून दिली आहे. आधुनिक अभ्यासक मात्र त्या नावाचा संबंध 'जन्मलेला' किंवा 'पुत्र' या अर्थाच्या इजिप्शियन शब्दाशी जोडतात.

प्राचीन इतिहासकारांची ही स्पष्टीकरणे खरी आहेत की नाहीत, हा मुद्दा येथे गौण आहे. लक्षात घ्यावयाचे ते असे की परित्यक्त बालकाची कथा जेथे जेथे स्थिरावली तेथे तिने त्या भाषेतील एखाद्या शब्दाचा आधार घेतला. तो शब्द बहुधा पालनकर्त्या स्त्रीभोवतीचा आहे, हेही विचार करण्यासारखे आहे. रांक यांच्या आराखड्यात पालक मातेचे घर म्हणजे मधला मुक्काम. वीराने तेथे थांबावयाचे आणि योग्य वेळ येताच निघून जावयाचे. कथांच्या भाषेत मात्र तिचे नाव टिकून राहिले आहे.

५

या दृष्टीने पाहता कर्णाची कथा सर्व उदाहरणांत अनन्य ठरते. रांक यांच्या यादीत तिला स्थान आहे, आणि तिचा पूर्वार्ध आराखड्याशी तंतोतंत जुळतो. दुर्वासांनी दिलेला मंत्र, कुंतीचे कौमार्य, सूर्यापासून झालेला पुत्र, जन्मजात कवचकुंडले, मेणाने सांधे बुजवलेली पेटी या गोष्टी वनपर्वातील कुंडलाहरणाच्या उपाख्यानात सविस्तर आल्या आहेत. पेटीचा प्रवासही तेथे सांगितला आहे. ती अश्वनदीतून चर्मण्वतीत, चर्मण्वतीतून यमुनेत, यमुनेतून गंगेत आणि गंगेतून सूतांच्या प्रदेशातील चंपानगरीपर्यंत जाते. आजची चंबळ यमुनेला मिळते, यमुना प्रयागला गंगेला मिळते आणि चंपेचे स्थान बिहारमधील भागलपूरजवळ मानले जाते; म्हणजे पुराणकथेतील ही पेटी खऱ्या भूगोलातून वाहत गेली आहे. अपत्यहीन राधा आणि तिचा पती अधिरथ यांना ती सापडते. येथवर सर्गोन आणि कर्ण यांच्यात फरक करण्याचे कारण नाही.

फरक पडतो तो ओळख पटण्याच्या प्रसंगी. मोशेची बहीण दुरून पाहत राहते आणि तिच्या पाहण्यामुळे मूल पुन्हा मातेच्या मांडीवर येते. कुंतीलाही आपला पुत्र अंगदेशात वाढत आहे हे हेरांकडून कळलेले असते. शस्त्रस्पर्धेच्या रंगणात त्याला पाहून ती मूर्च्छितही होते. परंतु ती बोलत नाही. नदीकाठच्या त्या बहिणीचे काम ज्याने करावयाचे तेच माणूस येथे मौन पाळते, आणि आराखड्याचा पुढील टप्पा खोळंबून राहतो.

तो टप्पा उद्योगपर्वात येतो, तोही दोनदा. प्रथम कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगून ज्येष्ठ पांडव या नात्याने राज्य देऊ करतो. रांक यांच्या आराखड्यातील मान्यता आणि वैभव ही दोन्ही त्या एका भाषणात कर्णापुढे ठेवलेली आहेत. कर्ण ती नाकारतो. त्याच्या उत्तरातील तपशील फार बोलके आहेत. राधेला आपल्यावरील मायेने पान्हा फुटला, तिने आपले मलमूत्र काढले, अधिरथाने आपले जातकर्मादी संस्कार केले, त्याच कुळातील स्त्रियांशी आपले विवाह झाले आणि पुत्रपौत्रही तेथेच झाले, असे तो सांगतो. दुर्योधनाच्या आश्रयाने उपभोगलेल्या राज्याचे ऋण आणि आता माघार घेतल्यास होणारी अपकीर्ती हीही कारणे तो देतो. तेव्हा त्याचा नकार निव्वळ वात्सल्याचा आहे असे मानणे एकांगी होईल. परंतु कारणांच्या त्या मालिकेत राधेच्या दुधाला आणि तिने केलेल्या शुश्रूषेला जे स्थान मिळाले आहे, त्याला इतर कोणत्याही परित्यक्त वीराच्या कथेत जोड सापडत नाही. अक्कीने सर्गोनला वाढविले एवढेच आपल्याला कळते. राधेने काय केले हे आपल्याला कर्णाच्या तोंडून कळते. कर्ण कृष्णाला हे रहस्य गुप्त ठेवण्यासही सांगतो. कारण ते कळले तर युधिष्ठिर राज्य घेणार नाही, आणि आपल्याकडे आलेले राज्य आपण दुर्योधनाला देऊन टाकू, हे तो जाणून आहे.

दुसरा प्रसंग गंगेच्या काठी घडतो. सूर्याभिमुख होऊन जप करीत असलेल्या कर्णाच्या मागे, त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत कुंती उभी राहते. ज्या नदीने पेटी वाहून आणली तिच्याच काठी माता अखेर पुत्राला पुत्र म्हणते. सूर्यही तिच्या वचनाला दुजोरा देतो. जन्मदाती आणि जन्मदाता दोघेही साक्षीला उभे असताना कर्ण आपला निश्चय बदलत नाही. त्यागाने आपल्या यशाची आणि क्षत्रियसंस्कारांची जी हानी झाली ती कोणा शत्रूनेही केली नसती, असे तो मातेला सुनावतो. आणि तिचे पाच पुत्र पाचच राहतील, एवढे वचन देतो.

तिसरा प्रसंग स्त्रीपर्वाच्या शेवटी, पुन्हा गंगेवरच येतो. मृतांना उदकदान चालू असता कुंती पुत्रांना सांगते की कर्ण त्यांचा ज्येष्ठ बंधू होता आणि त्यालाही जलांजली द्यावी. आराखड्यातील ओळखीचा टप्पा अशा रीतीने पूर्ण होतो. परंतु ज्याची ओळख पटावयाची तो तेथे नाही. पाण्यात सोडलेल्या मुलाला कुळाकडून अखेर पाणीच मिळते. राज्यारोहणाच्या जागी महाभारतकाराने तर्पण ठेवले, आणि जेथे विजयाचा आनंद असावयाचा तेथे युधिष्ठिराचा शोक आणि स्त्रियांच्या मनात गुपित राहू नये हा त्याचा शाप ठेवला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत हे तिन्ही प्रसंग आहेत. त्यामुळे उत्तरकालीन भावुकतेची ही भर आहे, असे म्हणण्यास जागा राहत नाही.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की महाभारतही अखेर जन्मालाच श्रेष्ठ ठरविते. कर्णाचे तेज सूर्याचे आहे, कवच उपजत आहे. सूताच्या पोटी असा वीर निपजणे त्या ग्रंथाला मान्य नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. कर्णाच्या देहावर जन्माची सत्ता आहे, पण निर्णयावर पालनाची. या दोन सत्ता एकाच पुरुषात समोरासमोर उभ्या राहाव्यात आणि दोघींपैकी एकीचाही पूर्ण जय होऊ नये, अशी कथेची रचना आहे. सर्गोनची कथा वैधतेचा प्रश्न सोडविते. कर्णाची कथा तो प्रश्न उघडा ठेवते. आराखड्याच्या तक्त्यात मात्र दोन्ही कथा एकाच ओळीत बसतात.

६

मराठी साहित्यात या कथेचे जे ग्रहण झाले त्यावरूनही हेच दिसते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) कर्णाच्या स्वत्वाच्या प्रश्नाची चिकित्सा केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन व कृष्ण यांच्याबरोबर शोण आणि वृषाली यांनाही निवेदनाचा अधिकार मिळाला. म्हणजे पालक घराला स्वतःचा आवाज मिळाला. रणजित देसाई यांनी आपल्या कादंबरीला 'राधेय' (१९७३) हेच नाव दिले. कौंतेय आणि राधेय या दोन नावांपैकी मराठी लेखकाने पालक मातेचे नाव निवडावे, यात मूळ ग्रंथातील तो आराखडाभंग अचूक ओळखला गेला आहे.

महाराष्ट्रातील संतचरित्रांत हा कल्पनाबंध आणखी एका रूपाने आला आहे. महिपतींच्या 'भक्तविजया'त (१७६२) अपत्यहीन दामाशेटींना भीमेच्या पाण्यात वाहत आलेला शिंपला सापडतो आणि त्यातून नामदेवांचा जन्म होतो. नामदेवांच्या नावावरील अभंगांत मात्र शिंपीकुळातील जन्माचा उच्चार निःसंकोचपणे येतो आणि गोणाई ही विठ्ठलाशी भांडून आपला मुलगा परत मागणारी आई म्हणून येते. अभंगांतील साध्या जन्मावर चरित्रकाराने शिंपल्याचे आवरण चढविले ते का, याचा विचार करताना मराठीत शिंपी या शब्दाचे वस्त्र शिवणारा आणि लहान शिंपला असे दोन अर्थ आहेत, हे विसरून चालत नाही. स्पाको आणि लुपा या शब्दांनी जे केले तेच येथे शिंपी या शब्दाने केले असण्याचा संभव आहे. आदिबंध मानवजातीचा असेल. त्याला भीमेच्या काठी आणून उतरविण्याचे काम मराठी भाषेने केले.

येथेही आराखडा अबाधित राहिलेला नाही. शिंपल्यातील मुलाला टाकणारे कोणी नाही, त्याचे मागे राहिलेले राजकुळ नाही, परत मिळवावयाचे राज्यही नाही. ते ज्याला सापडले त्याचेच आहे. कबीरांविषयीच्या लोकप्रसिद्ध कथेतही काशीजवळच्या लहरतारा तलावात सापडलेले मूल नीरू आणि नीमा या विणकर दांपत्याच्या घरी वाढते आणि विणकरच राहते. वीराच्या कथेत पालक घर हा मधला मुक्काम असतो. संताच्या कथेत तेच घर असते. याचे कारण उघड आहे. भक्तिसंप्रदायाला वंशाची वैधता सिद्ध करावयाची नव्हती. परमेश्वराकडे जाण्यास ती लागत नाही, हे सांगावयाचे होते. तथापि चरित्रकाराला शिंप्याच्या पोटी झालेला साधा जन्म अपुरा वाटला आणि त्याने अलौकिक जन्माची योजना केली, हेही तितकेच खरे. जन्माच्या प्रतिष्ठेची पकड संतचरित्रातही पुरती सुटलेली नाही.

७

एवढ्या विवेचनावरून आदिबंधात्मक समीक्षा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. सर्गोन, मोशे आणि रोम्युलस यांच्या कथा शेजारी ठेवल्या नसत्या, तर गंगेवरील तर्पणाच्या जागी वस्तुतः काय अपेक्षित होते हे ध्यानात आले नसते. जो आराखडा माहीत नाही त्याचा भंगही दिसत नाही. छंदाची जाण असलेल्या वाचकालाच कवीने छंद कोठे मोडला हे कळते, तसेच हे आहे. म्हणून तौलनिक अभ्यासाची आवश्यकता आहेच. प्रश्न फक्त त्याचा शेवट कोठे करावा हा आहे.

एखाद्या कथेतील आदिबंध ओळखल्यानंतर अभ्यासकापुढे तीन कामे उरतात. ती कथा कोणत्या भाषेतील कोणत्या शब्दांच्या आधाराने उभी आहे हे पाहणे. ती कोणाची कोणती गरज भागविते हे पाहणे. आणि अपेक्षित वळण तिने कोठे घेतले नाही हे पाहणे. यांपैकी तिसरे काम सर्वांत कठीण आहे, कारण त्यासाठी कोणतीही सूची तयार मिळत नाही. संहिता पुन्हा वाचावी लागते. यूंग यांच्या विचाराप्रमाणे परित्याग ही स्वतंत्र होण्याची अट मानली, तर सर्व परित्यक्त वीरांत ती अट अखेरपर्यंत पाळणारा कर्ण हाच होय. इतर सर्व जण कोणत्या ना कोणत्या रूपाने आपल्या मूळ कुळाकडे किंवा प्राप्तव्य सिंहासनाकडे पोहोचले. मिळत असलेले कुळ आणि राज्य नाकारून जो राधेय राहिला, त्याच्या कथेला वैभवाने शेवट करणाऱ्या तक्त्यात बसवावयाचे असेल, तर उद्योगपर्वातील राधेची आठवण आणि स्त्रीपर्वातील ती जलांजली ही दोन्ही गाळावी लागतात. एवढे गाळल्यावर जो उरतो तो आराखड्यातील एक घटक असतो, महाभारतातील कर्ण राहत नाही.